थोरल्याच्या माडीची सावली

"मग ऊनबी तुमच्या दादालाच मागून आणा की! न्हाई तरी तेबी त्यायच्याच वाट्याला गेलंय."

सुमनबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. बोलण्याच्या भरात तिचा हात असा आपटला, की परातीतलं पीठ उडून भिंतीला लागलं.

"हळू बोल. माय जागी हाय," मुंजाजी म्हणाला. तो उंबऱ्यात पाठमोरा बसला होता.

"जाग्या हायत तर असू द्या. त्यायला काय नवीन सांगायलेय व्हय मी? आजून सात वाजले न्हाईत आन् तुमच्या डबड्यावर लाल लागला. काल साडेसातला लागला व्हता. उद्या तर ट्यूब लावायच्या आधीच लागंल. मग काय करताव?"

"करतो कायतरी."

"कायतरी म्हंजी काय? दादांच्या माडीवर सकाळपासून दिस बुडंपर्यंत ऊन ऱ्हातंय. मी रोज बघायलेय. चार हात जागा मागा, ती काच तिथं नेऊन ठिवा, वायर खाली सोडा. झालं."

"मागणार न्हाई."

"कामून?"

"न्हाई म्हणलं ना एकदा."

"म्हैस इकली तवा मला इचारलं न्हाई, काच आणली तवा इचारलं न्हाई. आता मी बोलले की न्हाई म्हणलं ना! आवं, म्हैस निदान सावलीत बांधली तरी दूध देत व्हती."

आतल्या खोलीतून झुंबरबाईंचा आवाज आला, "सुमे, भांडण जरा इस्तवावरून उतरव आन् भाकर उलट. करपायली. वास आलाय हितवर."

सुमनबाईने भाकरी उलटली. ती खरोखरच करपली होती.

खांबाला ठोकलेल्या लहानशा डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. बॅटरीतली वीज संपत आली की तो लागायचा आणि मग पाच-दहा मिनिटांत घरातल्या दोन्ही ट्यूब आपोआप विझायच्या. हातभर लांबीच्या त्या दोन ट्यूब, एक चुलीपाशी आणि एक झुंबरबाईंच्या बाजेवर. मुंजाजीने उठून चुलीपाशची बंद केली, म्हणजे आईची तेवढीच जास्त वेळ चालावी. सुमनबाईने कंदील पेटवून शेजारी घेतला आणि पुढचा गोळा हातात धरला.

मार्गशीर्षाची आज तीज होती. अमावस्येला अजून जवळजवळ सगळा महिना पडला होता, आणि तेवढा महिना आईच्या डोक्यावर उजेड टिकवायचा होता. नाही टिकला तर काय, हे थोरल्या दत्तरावाने मागेच सांगून ठेवलं होतं.

थोरला दत्तराव आणि धाकटा मुंजाजी हे झुंबरबाईंचे दोन मुलगे. गाव देवगाव फाट्यापासून दोन कोस आत. वडील गेल्यावर काही वर्षं एकत्र निघाली, मग निघेनात. पंच बसले. जुन्या रीतीप्रमाणे घराची दक्षिणेची बाजू थोरल्याला गेली आणि उत्तरेची धाकट्याला. मधे भिंत आली. रान निम्मं निम्मं झालं, विहिरीचं पाणी चार चार दिवस ठरलं, आणि आई एक महिना तिकडे, एक महिना इकडे. तेव्हापासून दर अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई आपलं गाठोडं काखेत मारून निघायच्या. दोन लुगडी, पानाची चंची, एक माळ आणि तंबाखूची डबी. भिंतीला वळसा घातला की मुलगा बदलायचा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझी बदली झाली."

विजेचं मीटर दत्तरावाच्या बाजूला राहिलं, त्याच्याच नावावर. तिथून एक वायर भिंतीतल्या भोकातून मुंजाजीकडे आलेली होती. वाटणीच्या दिवशी सगळं उरकल्यावर दत्तरावाची बायको तानुबाई म्हणाली, "आन् बिलाचं काय ठरलं म्हणायचं?" एवढंच म्हणाली. मुंजाजी उठला, पक्कड घेतली आणि सगळ्यांच्या देखत वायर तोडली. भोकात चिंध्यांचा बोळा कोंबला. म्हणाला, "तुमचा उजेड तुमाला लखलाभ." त्याला वायर तोडायला कुणी सांगितलं नव्हतं. पंच सुपारी कातरत होते, त्यांनी नुसतं वर पाहिलं. ही गोष्ट पुढे त्याला फार वेळा आठवली, पण आठवून काही उपयोग नव्हता.

आणि हा माणूस गावातला विजेचा माणूस होता. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा तो सेलूला जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देणाऱ्या एका दुकानात राहिला. चार वर्षं तांब्याच्या तारेचे वेढे मोजले. परत आला तो हातात कसब घेऊन. कुणाच्या विहिरीवरची मोटार जळो, कुणाचा स्टार्टर चिकटो, कुणाच्या घरी लग्नात माळा लावायच्या असोत, बोलावणं मुंजाजीला. दिवसभर दुसऱ्यांचे फ्यूज बांधून तो घरी यायचा आणि कंदिलाची काच पुसत बसायचा. लोक हसायचे. समोरचे सिताराम तर तोंडावर म्हणायचे, "मुंजाजी, तुज्या घरी काय बिघाड झाला तर बलाव बरं का, मी काडेपेटी घिऊन येतो."

वेगळ्या मीटरचा अर्ज त्याने दिला होता. कचेरीतल्या माणसाने सांगितलं, घराला नंबर एकच आहे, एका नंबरावर दुसरं मीटर मिळत नाही. आधी ग्रामपंचायतीत नंबर वेगळा करून आणा, त्याला थोरल्या भावाचा दस्कत लागेल. मुंजाजीने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. तो कागद खिशातच विरला.

झुंबरबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. दिवसा भागायचं, दिवे लागल्यावर चाचपडणं. दोन वर्षं कंदिलावर निभावली. मग एका माघात, त्यांच्या इकडच्या महिन्यात, त्या एका संध्याकाळी पाणी प्यायला उठल्या आणि रांजणाला अडखळून पडल्या. मनगट मोडलं. आवाज भिंतीपलीकडे गेला. दत्तराव आला, आईला उचललं, परभणीला नेऊन प्लास्टर घालून आणलं आणि आपल्या घरी ठेवलं. चैत्रात मुंजाजी आईला आणायला गेला तेव्हा दत्तराव बाजेवर बसून होता. ओरडला नाही. दत्तराव कधीच ओरडत नसे, हेच त्याच्याशी भांडताना अवघड पडायचं.

"मुंजा," तो म्हणाला, "घरात उजेड असल तर माय येईल. नसल तर न्हाई येणार. आन् नेल्यावर परत एक दिवस जरी अंधारात ठिवलीस, तर मी यीन आन् घिऊन जाईन. मग पाळीचं नाव काढायचं न्हाई. म्हातारीचं हाड हाय, पुन्ना जुळत न्हाई."

त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. मुंजाजी तसाच परत आला.

दत्तरावाकडे झुंबरबाईंचं वाईट चाललं होतं असं नाही. खाली खोली होती, पंखा होता, वेळेवर ताट यायचं. माणसं आपापल्या वेळेला जेवायची, टीव्हीपुढे. मुंजाजीकडे त्या चुलीपाशी पाट घेऊन बसायच्या आणि सुनेच्या प्रत्येक भाकरीवर मत द्यायच्या. "ही जाड झाली," "हिला पाणी कमी," "ही तुझ्या नवऱ्याला दे, त्याला कळत न्हाई." मुंजाजी रानातून आला की त्याच्या तोंडावरून पालथा हात फिरवून बघायच्या, आज किती राबलाय ते. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण तेवढ्या वेळेपुरता मान खाली घालून उभा राहायचा. त्या चैत्रात आणि पुढे वैशाखभर सुमनबाईच्या भाकरीला कुणी नावं ठेवली नाहीत, आणि तिलाच ते खायला उठलं. पण हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

परभणीला विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात त्याने ती काच पाहिली. उन्हाची वीज करणारी, निळसर, वर चौकोन आखलेले, उन्हात तिरपी उभी केलेली. खाली एक ट्यूब भर दुपारी जळत होती. लोक येत, बघत आणि पुढे बियाण्यांच्या मांडवाकडे जात. मुंजाजी तिथे दोन तास उभा होता. खांब नाही, तार नाही, कुणाचा दस्कत नाही. आठ दिवसांनी म्हैस बाजारात गेली.

दुकानदाराने काच दिली, लाल-हिरव्या दिव्यांचा डबा दिला, दोन ट्यूब दिल्या आणि एक इंग्रजी कागद दिला. बसवायला माणूस पाठवू का म्हणाला. मुंजाजी म्हणाला, बसवायला मीच आहे. त्या दिवशी नामांतराचा बंद होता, येताना एसटी सेलूतच थांबली. काच धोतरात गुंडाळून, डोक्यावर घेऊन तो फाट्यापर्यंत चालत आला. तिथल्या गॅरेजातून ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी घेतली, दुरुस्त केलेली. ती बैलगाडीत कडब्यावर ठेवून घरी आणली.

कागद त्याने शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतला. काचेचं तोंड दक्षिणेला हवं, तिरपं हवं, वायर जाड हवी, बॅटरीत विहिरीचं पाणी घालायचं नाही. मोडक्या लोखंडी खाटेचे कोन कापून त्याने घोडी केली. घरावरच्या मातीच्या माळवदात ती रुतू नये म्हणून खाली फरशीचे तुकडे मांडले. काच कुठे बसवावी, याचा त्याने नीट विचार केला. दत्तरावाने गेल्या वर्षी आपल्या बाजूला माडी चढवली होती, वर कमरेइतका कठडा. त्या माडीच्या भिंतीपासून चार हात सोडून त्याने जागा धरली, म्हणजे वाऱ्याला भिंतीचा आडोसा होईल आणि वायरही कमी लागेल. वैशाखातली दुपार होती. माणसाची सावली पायाखाली गेलेली. माडीची सावली भिंतीला चिकटून होती, पुरती वीतभरही नव्हती. मुंजाजीने ती पाहिली आणि निर्धास्त झाला.

प्लास्टर निघालेल्या झुंबरबाई पलीकडच्या अंगणातून हाताचा आडोसा करून वर बघत होत्या.

"मुंजा, तोंड कुणीकडं केलंस रं तिचं?"

"दक्षिणेला, माय."

"दक्षिणेकडं तोंड करून कुणी काय मांडतंय का? पूर्वंला फिरव."

"कागदावरच तसं लिवलंय."

"कागद लिवणाऱ्याला माय न्हाई का?"

त्याने लाल वायर लालला जोडली, काळी काळीला. वायर झरोक्यातून खाली सोडली. बॅटरीच्या तोंडांना ग्रीस लावलं. बटण दाबलं आणि ट्यूब दोनदा फडफडून लागली. सुमनबाई चुलीपासून उठून उभी राहिली. तिला त्या उजेडात पहिल्यांदा दिसलं ते हे की भिंतीवर किती जाळी धरलीत. ती लगेच केरसुणी घेऊन लागली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दोघं एकदम हसली.

सिताराम बघायला आले. "ढग आले म्हंजी काय करतोस रं? काचंला पोटिस बांधतोस का?"

"बॅटरीत दोन दिवसांचं साठतंय."

"आन् तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी येतो जेवायला."

जेठाच्या पहिल्या दिवशी झुंबरबाई गाठोडं घेऊन आल्या. पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "ही जाड झाली." सुमनबाईने पदर तोंडाला लावला. ती हसली की रडली, ते कुणी बघितलं नाही.

श्रावणात झड लागली तेव्हा एकच ट्यूब लावून भागवलं. आश्विनात लख्ख ऊन पडलं. दसऱ्याला मुंजाजीने पक्कड, करवत, नांगर यांच्याबरोबर बॅटरीलाही हळदकुंकू वाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या घरात असं काही होतं, जे त्याने कुणाला न विचारता आणलं होतं, कुणाच्या मदतीशिवाय उभं केलं होतं आणि जे चालत होतं.

कार्तिकात आई तिकडे होती, म्हणून दिवे लवकर मालवले तरी चालत होते. त्यामुळे लाल दिवा आठला लागायला लागला तेव्हा त्याने नुसतं बॅटरीत पाणी घातलं, वायरी खरवडल्या, काच पुसली. मग एका सकाळी दहाच्या सुमाराला तो माळवदावर चढला आणि तसाच उभा राहिला. काच सावलीत होती. नुसती कड नाही, सगळी काच. दत्तरावाच्या माडीची आणि कठड्याची सावली माळवदावर आडवी पसरली होती, खळ्यावर ताडपत्री पसरावी तशी. बारा वाजले तरी काच अर्धीच उन्हात आली. दीडला पुन्हा झाकली.

हिवाळ्यात दिवस दक्षिणेला कलतो, हे मुंजाजीला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणापासून बैल थंडीत कुठे बांधायचे, तुरी कुठे वाळवायच्या, हे तो त्याच सावल्या बघून ठरवत आला होता. शेजारणीला मिरच्या कुठे घाल हेसुद्धा सांगितलं असतं. पण काच बसवताना त्याने ते उन्हाचं काम म्हणून पाहिलंच नाही, विजेचं काम म्हणून पाहिलं. वायर पाहिली, जोड पाहिले, ग्रीस पाहिलं. वर पाहायचं राहून गेलं.

त्याने काच उत्तरेच्या कडेला सरकवली. त्याचं माळवद सगळं मिळून नऊ हात रुंद. सावली रोज बोटबोट मागोमाग येत होती आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत ती त्या कडेलाही पोचली. अंगणात ठेवावी तर अंगण सकाळपासून सावलीतच. बांबूवर चढवून पाहिली, तर वाऱ्याने बांबू असा वाकला की सुमनबाईने खालून किंकाळी फोडली. गावभर ऊन सांडलेलं होतं. फक्त त्याच्या वाट्याच्या नऊ हातांवर ते नव्हतं, आणि त्याबद्दल कुणाशी भांडावं असंही कुणी नव्हतं. दत्तरावाने माडी आपल्या जागेत बांधली होती. पंचांनी दक्षिण थोरल्याला दिली होती, ती शेकडो वर्षं थोरल्यालाच मिळत आली होती.

म्हणून तिजेच्या त्या संध्याकाळी सुमनबाई जे बोलली, ते खरंच होतं. माडीवर चार हात जागा मागायची, एवढंच. दत्तराव नाही म्हणाला नसता. तो म्हणाला असता, "ठिव की. माझं काय जातंय?" मुंजाजीला तेच ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी जुंपली. काच आणि बॅटरी गाडीत घातली आणि रानात घेऊन गेला. रानात ऊन कुणाच्या बापाचं नव्हतं. दिवसभर बांधावर काच मांडायची, संध्याकाळी दोन्ही परत आणायची. रानात सोडून यावं तर चोरीला जाईल. सुमनबाईने पहिल्या दिवशी विचारलं, "रोज असं नेणार?"

"महिना काढायचा हाय."

"आन् पुढच्या पाळीला?"

"तवर दिस मोठा व्हतोय."

पाच दिवस चाललं. संध्याकाळी ट्यूब नऊपर्यंत जळायची. झुंबरबाई भाकऱ्यांना नावं ठेवत जेवायच्या. सहाव्या दिवशी ट्यूब आठला गेली, सातव्या दिवशी साडेसहाला. रानाची वाट ओढ्यातून जाते, मोठमोठ्या गोट्यांवरून. बॅटरी कडब्यावर ठेवली होती, तरी प्रत्येक धक्का तिच्या पोटात जात होता. एकदा तिच्यातलं तेजाबी पाणी हिंदकळून मुंजाजीच्या धोतरावर पडलं आणि घरी येईपर्यंत तिथे मुठीएवढं भोक पडलं. आठव्या दिवशी तो तिला सायकलला बांधून फाट्यावर घेऊन गेला. गॅरेजवाल्याने झाकणं उघडून आत पाहिलं, मग नुसती मान हलवली.

"प्लेटी झडल्या. जुनी व्हती, त्यात तुमी तिला गाडीत नाचवली. आता हिच्यात जीव न्हाई."

"काय करता येतंय?"

"नवीन घ्या. नवीन घेतली तर गाडीत नका नेऊ."

नवीन बॅटरीला आणखी एक म्हैस लागली असती, आणि गोठ्यात दावं होतं, म्हैस नव्हती. त्याने ती मेलेली बॅटरी तशीच सायकलला बांधून परत आणली. का आणली, त्याला माहीत नव्हतं. टाकून द्यायला हात धजला नाही. घरी येऊन तिच्या जागी ठेवली, वायरी जोडल्या, जणू आजही ती लागणारच आहे.

दिवस मावळला. कंदिलात रॉकेल घालायला सुमनबाई मागच्या दारी गेली. तेवढ्यात झुंबरबाई बाजेवरून उठल्या. रोज या वेळेला डोक्यावर ट्यूब असायची, त्याच भरवशावर पावलं टाकत चुलीकडे निघाल्या. वाटेत मुंजाजीने काढून ठेवलेली सायकलची दोरी होती. पाय अडकला. पडता पडता त्यांनी खांब धरला, पण कोपर मांडणीला लागलं आणि पितळी परात, दोन तांबे, डबे असा सगळा संसार खाली आला.

आवाज भिंतीपलीकडे गेला.

मुंजाजीने आईला धरून पाटावर बसवलं. "लागलं का?" "न्हाई रं, मला न्हाई लागलं, परातीला लागलं." त्यांचं मनगट तो दाबून बघत होता, तेवढ्यात दारात टॉर्चचा उजेड पडला. दत्तराव होता. मागे तानुबाई. दत्तरावाने टॉर्च आधी आईच्या तोंडावर धरला, मग हातांवर, मग पायांवर. मग खांबावरच्या डब्यावर. तिथे लालही नव्हता, हिरवाही नव्हता.

"कवापासून बंद हाय?"

"आज," मुंजाजी म्हणाला.

"सकाळी गाडीत घिऊन जात व्हतास ती हीच ना?"

मुंजाजीने मान हलवली.

"मला कामून न्हाई सांगितलंस? काच माडीवर ठिवली असती." दत्तराव शांतपणेच म्हणाला. मुंजाजीला ऐकायचं नव्हतं ते हेच. चार हात जागा न मागता मिळाली होती, आणि ती मिळाली तेव्हा वीज साठवायला काही उरलं नव्हतं. पुढे तो म्हणाला, "बरं, ते जाऊ दे. भिंतीतलं भोक हाय तसंच हाय का बुजवलंस? वायर हाय माज्याकडं. आत्ता टाकतो. पाच मिंटाचं काम हाय, तुलाच येतंय. बिलाचं कुणी नाव काढणार न्हाई. तू फक्त टाक म्हण."

तानुबाई जमिनीकडे बघत होती. मागच्या दारात सुमनबाई कंदील घेऊन उभी होती. तिची नजर नवऱ्यावर होती आणि तिचे ओठ किंचित हलले, जणू त्याच्या वतीने तीच म्हणणार होती. एक शब्द होता, दोन अक्षरांचा. दिवसातून पन्नासदा तोंडात येणारा. चारा टाक, पाणी टाक. मुंजाजीने तोंड उघडलं. त्याला वाटलं आता निघेल. वाटणीचा दिवस आठवला, सुपारी कातरणारे पंच आठवले, पक्कड. तोंड उघडं राहिलं आणि मग त्याने ते मिटून घेतलं.

दत्तराव बराच वेळ थांबला. खरंच थांबला, असं कुणालाही म्हणता आलं असतं. मग त्याने वाकून कोपऱ्यातलं गाठोडं उचललं.

"चल माय."

झुंबरबाई उठल्या नाहीत. एका मुलाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. दिसत किती होतं कोण जाणे. "भाकर झाली न्हाई आजून," त्या म्हणाल्या. दत्तरावाने गाठोडं खाली ठेवलं नाही. मग त्या म्हणाल्या, "बरं. कुणीकडंबी न्या, पर उभं करून ठिवू नका. गुडघे दुखायलेत."

दत्तरावाने एका हातात गाठोडं आणि टॉर्च धरला, दुसरा हात आईला दिला. तानुबाई पुढे झाली आणि तिने वाटेतली दोरी बाजूला सारली. तिघं अंगणात गेली. भिंतीला वळसा घालेपर्यंत टॉर्चचा उजेड दिसला. मग पलीकडचं दार वाजलं, आणि तिथल्या टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला.

सुमनबाईने कंदील खुंटीला अडकवला आणि खाली बसून डबे गोळा करायला लागली. परात वाकली होती. तिने ती गुडघ्यावर ठेवून दाबून बघितली, सरळ झाली नाही. "एक शबुद," ती स्वतःशीच म्हणाली. "एक शबुद व्हता निसता."

मुंजाजी खांबाला टेकून उभा होता. त्याने डब्याच्या वायरी सोडल्या, एक लाल, एक काळी, आणि त्या हातात धरूनच तो बोलला. आवाज चढवून नाही, पण भिंतीपलीकडे जाईल इतका मोठा.

"आईकलंस का? माय आता दादाकडंच निजंल, बाराई महिने. पर माज्या महिन्यात तिला भाकर ह्या घरची जाईल. सकाळची आन् संध्याकाळचीबी. तू नेऊन द्यायची. आजपासून."